खबरदारीचा रेझिस्टर

गेल्या शनिवार-रविवारी घरी जाऊन आलो. घर म्हणजे जवाहरनगर, नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना लागणारी ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत.

वयामुळे बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. टाकी भरून वाहायला लागली तरी त्यांना कळत नाही. मग आई दुखरे गुडघे घेऊन गच्चीवर बघायला जाते. म्हटलं, इंजिनीअर पोरगा काय कामाचा? टाकीत फ्लोट, स्वयंपाकघरात ईएसपी३२ आणि एलसीडी. दोन तासांचं काम! (हसा, हसा.)

ईएसपी३२ चालतो ३.३ व्होल्टवर, डिस्प्ले ५ वर. दोघांमध्ये दुभाष्या हवा, म्हणजे लेव्हल शिफ्टर. खणात टीएक्सबी०१०८ पडला होता, तोच लावला. डिस्प्ले उजळला, पण अक्षर एक नाही. सॉफ्टवेअरवाला असल्याने रात्री बारापर्यंत कोड उलटापालटा केला. मग आठवलं, आय-टू-सीला पुल-अप लागतो. खबरदारी म्हणून ५ व्होल्टच्या बाजूला ४.७ के जोडला. ढिम्म!

सकाळी बाबा त्यांचा मल्टिमीटर घेऊन आले. जन्मभर इलेक्ट्रिशियनचं काम केलेला माणूस. "काय करून राह्यला रे? ती तार शून्यावर धरून ठेव, मोजून पाहू." कोडमधून तार खाली ओढून ठेवली. मीटर म्हणाला ३.१ व्होल्ट!

"हे शून्य आहे काय?"

तेव्हा कुठे डेटाशीट उघडलं. टीएक्सबीचं आउटपुट आतल्या साधारण ४ के रेझिस्टरमधून येतं, म्हणून बाहेरचा पुल-अप ५० के पेक्षा मोठाच हवा. माझ्या डिस्प्लेच्या पाठीवर आधीच ४.७ के होता, त्यात मी आणखी एक लावला. दोन्ही मिळून २.३५ के. म्हणजे तार खाली ओढणाऱ्यापेक्षा वर ओढणारा दांडगा. माझा रेझिस्टर काढला, तरी २.३ व्होल्ट. डिस्प्लेला शून्य म्हणून १.५ च्या खाली लागतात, एक म्हणून ३.५ च्या वर. बिचारा अधांतरी.

आय-टू-सीसाठी बीएसएस१३८ मॉस्फेटचा साधा शिफ्टर बरा. फिलिप्सने १९९७ मध्येच ही युक्ती लिहून ठेवली आहे. त्यात तार मॉस्फेट खाली ओढतो आणि वर नेतात ते पुल-अपच, म्हणून ते दोन्ही बाजूंना लागतात. मात्र फार लहानही नकोत. साध्या आय-टू-सी चिपकडून ३ मिलिअँपिअर ओढण्याचीच खात्री असते, म्हणून ५ व्होल्टला दीड के ही खालची हद्द. आणि टर्मिनेशन हे वेगळंच प्रकरण. लांब केबलच्या टोकाला आपटून परत फिरणारा सिग्नल जिरवण्यासाठी आरएस-४८५ च्या दोन्ही टोकांना १२० ओहम लावतात. तोच इथे पुल-अप म्हणून लावला, तर चिपला ४० मिलिअँपिअर ओढावे लागतील!

भंडाऱ्याच्या बाजारात बीएसएस१३८ कुठला मिळायला? पण माझ्या बॅगेच्या तळाशी एक मॉड्यूल निघालं, दोन्ही बाजूंना १० के असलेलं. लावलं. मीटर शून्याला चिकटला आणि अक्षरं उमटली.

संध्याकाळी मोटर लावली. आईने पोळ्या लाटता लाटता डिस्प्लेकडे पाहिलं आणि तिथूनच बटण बंद केलं. जिन्याकडे ती फिरकलीही नाही. बाबा मी काढलेला रेझिस्टर मीटरवर मोजत बसले होते.

"चांगला आहे रे हा," म्हणाले आणि आपल्या डबीत ठेवून दिला.