कीर्दींत नसलेलीं नांवें

आमच्या गांवच्या वाड्याच्या बांधकामाची कीर्द अजून माझ्याजवळ आहे. पणजोबांच्या मोडी अक्षरांत पाथरवट, सुतार, चुनेवाले ह्यांची मजुरी पैपर्यंत मांडलेली आहे. लहानपणीं आजोबा ती मोठ्या अभिमानानें दाखवीत. "एका दिडकीची चूक सांपडायची नाहीं!" असें ते म्हणत. पायाचे चिरे ओढ्यावरून कोणीं वाहून आणले, असें मीं एकदां विचारलें, तेव्हां ते सहज म्हणाले, "महारांनीं. ती वेठच होती." वहींत त्यांचें नांव नाहीं, कारण त्यांना कांहीं द्यावयाचेंच नव्हतें. हिशेब चोख होता, आणि तरीही खरा नव्हता. हें ध्यानांत येण्यास मला अर्धें आयुष्य लागलें.

अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठाचा एक अहवाल परवां वाचतांना त्या कीर्दीची मला पुन्हां आठवण झाली. प्रॉव्हिडन्स शहरांतील हें विद्यापीठ १७६४ सालीं कॉलेज म्हणून स्थापन झालें. त्याच सालीं तेथील ब्राउन बंधूंचें 'सॅली' नांवाचें जहाज गुलाम आणावयास आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघालें. त्या सफरींत खरीदलेल्या १९६ माणसांपैकीं निदान १०९ प्राणांस मुकलीं. जहाजाच्या वहींत मृत्यूंना क्रमांक आहेत, माणसांना नांवें नाहींत. पुढें १८०४ सालीं त्याच घराण्यांतील एका वंशजाच्या देणगीमुळें कॉलेजला 'ब्राउन' हें नांव मिळालें.

हा सारा वृत्तांत कोणा शत्रूनें उजेडांत आणला नाहीं. २००३ सालीं विद्यापीठाच्या त्या वेळच्या अध्यक्षा रूथ सिमन्स ह्यांनीं एक समिति नेमिली. सिमन्स ह्यांचे स्वतःचे पूर्वज गुलाम होते. २००६ सालीं समितीनें विद्यापीठाचीच वही जगापुढें उघडी केली. संस्थेची पहिली इमारत बांधतांना गुलामांचेही हात लागले होते, हें तींत नमूद आहे. २००७ सालीं शहरांतील सार्वजनिक शाळांच्या मुलांसाठीं एक कोटि डॉलरांचा निधि उभारण्याचें वचन विद्यापीठानें दिलें; तें पुरें व्हावयास २०२० साल उजाडलें.

मेलेल्यांच्या पापांचा जाब जिवंतांस कां पुसावा, असा प्रश्न वाचक करतील. मींही केला होता. परंतु बापाची जमीन घ्यावयाची आणि बापाचें कर्ज मात्र नाकारावयाचें, हा न्याय आपल्याकडील कोणत्या पंचांनीं मानला असता?

२०२२ च्या डिसेंबरांत ह्याच विद्यापीठानें भेदभावास मनाई करणाऱ्या आपल्या नियमांत जातीचाही स्पष्ट उल्लेख केला. आपले लोक पदव्या आणावयास सातासमुद्रांपलीकडे गेले, तेव्हां सामानाबरोबर काय नेत होते, हें त्या एका शब्दानें सांगितलें, आणि मला मान खालीं घालावी लागली. पण वचन एकदां देऊन भागत नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें प्रवेश देतांना वंश विचारांत घेण्याची पद्धति रद्द ठरविली. २०२४ सालीं ब्राउनमध्यें नव्यानें आलेल्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीयांचें प्रमाण शेंकडा १५ वरून ९ वर आलें. कीर्द रोज लिहावी लागते.

अहवाल मिटून मी गांवीं गेलों. चिरे वाहणारांचीं नांवें कोणास ठाऊक असल्यास कीर्दीच्या कोऱ्या पानावर लिहावीं, असा मनांत बेत होता. बौद्धवाड्यांतील एका तरुण शिक्षिकेनें माझें बोलणें शांतपणें ऐकून घेतलें. ती म्हणाली, "काका, नांवें आमच्याही कोणाला आठवत नाहींत. पण तुमचा वाडा बारा महिने बंद असतो, आणि आमच्या मुलांना संध्याकाळीं अभ्यासाला बसायला जागा नाहीं."

भाऊबंदांना विचारून सांगतों, असें मीं तिला म्हटलें. त्याला आतां तीन आठवडे झाले. वाड्याची किल्ली अजून माझ्याच खुंटीला आहे.