हमालाचे कार्य

चाळिशी उलटली की माणसाला एखादे खूळ लागते. कुणी गुलाबाची कलमे लावतो, कुणी दिसेल त्याचा हात पाहू लागतो, कुणी होमिओपॅथीची पेटी बाळगतो. मला पदार्थविज्ञान शिकण्याचे खूळ लागले. महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. गुरुत्वाकर्षणाशी माझा संबंध काय तो जिन्यापुरता! पण मुलगी अकरावीला विज्ञानशाखेत गेली आणि तिच्या बोलण्यातले निम्मे शब्द मला परके वाटू लागले. शब्दांवरच पोट भरणाऱ्या बापाने हे कसे सोसावे?

प्रश्न आला पुस्तकाचा. जाणत्यांना विचारावे, तर प्रत्येकाचे दैवत निराळे. एकाने फाइनमनची व्याख्याने पुढे केली. १९६१ ते १९६३ या काळात कॅलटेकमध्ये दिलेली ही व्याख्याने वाचताना कीर्तनाला बसल्याचे सुख मिळते. बुवा रंगतात, आपण डोलतो. पण मूळ खंडांत सोडवायला उदाहरणे नाहीत. ती वेगळी छापली आहेत. आणि नुसते डोलून का कुणाला कीर्तन करता येते? दुसऱ्याने हॅलिडे-रेस्निक सुचवले. १९६० साली निघालेला हा ग्रंथ भरभक्कम खरा. मात्र कलनशास्त्राची थोडी ओळख तो गृहीत धरतो. तिसऱ्याने हरीशचंद्र वर्मांचे ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ हे दोन भागांतले पुस्तक हाती दिले. त्याचे दुसरेच प्रकरण आवश्यक तेवढ्या गणिताचे. पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी द्यावे, तसे!

निवड करायची कशी? मी एकच शब्द घेतला: ‘कार्य’. प्रत्येक पुस्तकातले त्यावरचे प्रकरण वाचायचे, पुस्तक मिटायचे आणि कागदावर दहा उदाहरणे सोडवायची. सगळी सुटली तर पुस्तक आपल्याला सोपे; एकही सुटले नाही तर त्याची वेळ अजून आलेली नाही. निम्मी सुटली आणि उरलेल्यांनी झोप उडवली, तर ते आपले पुस्तक.

या ‘कार्या’वरून घरात वादही झाला. डोक्यावर चाळीस किलोचे पोते घेऊन हमाल सपाट फलाटावरून एकाच गतीने चालला आहे. चालता चालता त्याने पोत्यावर किती कार्य केले? “शून्य,” मुलगी म्हणाली. “आणि त्याचा घाम?” मी विचारले. तिने शांतपणे आकृती काढली. हमालाचे बल वरच्या दिशेला, पोते जाते आडवे. दोन्हींत काटकोन, म्हणून कार्य शून्य. घाम येतो तो स्नायू शरीरातली ऊर्जा खर्च करतात म्हणून. त्याचा हिशेब निराळ्या वहीत! कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघे एका शब्दावर तासभर बोललो.

शेवटी मी वर्मांचे पुस्तक ठेवले. कवितेत बल, ऊर्जा आणि शक्ती खुशाल एकमेकींची लुगडी नेसून वावरतात. इथे बल न्यूटनमध्ये मोजायचे, ऊर्जा जूलमध्ये आणि शक्ती वॉटमध्ये. शब्दांची एवढी कदर मी पुष्कळ कवींतही पाहिलेली नाही. तेव्हा पुस्तक निवडताना त्याची भाषा किती गोड आहे हे पाहू नये. आपण “समजले” म्हणताच जे “मग सोडवून दाखवा” म्हणते, ते घ्यावे.