मांडीतून बसवायची झडप
अम्मी ७८ वर्षांच्या. हृदयाची झडप अरुंद झालेली. डॉक्टर म्हणाले, छाती न उघडता मांडीच्या धमनीतून नवी बसवू. भाईजाननी विचारलं, "जगतात किती?"

मी वाचत बसले. २००२ मध्ये फ्रान्समधल्या रूआँ शहरात डॉ. अलँ क्रिबिए यांनी अशी पहिली झडप बसवली. रुग्ण काही महिन्यांत गेला. २०१० च्या अभ्यासात शस्त्रक्रिया न झेपणारे रुग्ण होते. वर्षभरात शंभरातले ३१ दगावले, झडप न बदललेले ५१. २०१९ मध्ये, कमी जोखमीच्या रुग्णांत, शंभरात एक.

भाईजान खूश! मी म्हटलं, ते मुळातच धडधाकट होते. नळ्या बारीक झाल्या, डॉक्टरांचा हात बसला, हेही खरंच. पण अम्मींचा हिशेब वेगळा, त्यांचे मूत्रपिंडही अधू.

अम्मींनी मात्र डॉक्टरांना एवढंच विचारलं, "सजद्यातून उठताना दम लागणार नाही ना?"