मे महिन्यात येतेस, तर आधी हे वाच

लाडके,

तिकीट काढलंस, ते वाचून मी स्वयंपाकघरातूनच ओरडले आणि सासूबाई देवापुढून उठून आल्या. पण पुढची ओळ वाचली, 'बूट घेऊन येतेय, दुसऱ्याच दिवशी पहाटे विद्यापीठापर्यंत धावत जाऊ,' आणि पोटात गोळा आला. तुला सांगते, तुझा हा उत्साह शाळेपासून तसाच आहे. मराठी शाळेच्या मैदानात शिट्टी वाजायच्या आधी पळत सुटणारी तू! पण बाई, तू बॉस्टनहून येतेयस. तिथे मेमध्ये भर दुपारीही विशीच्या आसपासची हवा. इथे पहाटे पाचलाच 27-28 अंश, आणि वर सुरतेतल्या आमच्या पांडेसऱ्याचा दमट बफारा. उजाडायच्या आत मिलच्या चिमण्यांचा धूर आणि खाडीचा वास एकत्र होऊन खिडकीत उभा असतो.

तेव्हा पहिले काही दिवस माझं ऐकायचं. अंगाला ऊन हळूहळू शिकवावं लागतं, त्याला साधारण दहा ते चौदा दिवस जातात. तेवढ्या दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं आणि तेवढ्याच धावण्याला काळीज कमी धडधडतं. हे सगळं रोज थोडं थोडं उन्हात हललं तरच होतं, आणि थंड देशात परत गेलं की काही आठवड्यांत पुसूनही जातं. तुझ्या अंगातलं सुरत केव्हाच पुसलं गेलं असणार, रागवू नकोस! आठवतं, 2012 च्या एप्रिलमध्ये तुमच्या मॅरेथॉनच्या दिवशी ऊन 31 अंशांपर्यंत चढलं होतं, आयोजकांनी ज्यांना नको त्यांनी पुढच्या वर्षी धावा असं सांगितलं होतं, आणि तू रस्त्याच्या कडेला पाणी वाटताना घामाघूम होऊन मला फोन केला होतास? मी तेव्हा हसले होते, 31 म्हणजे आमच्याकडे मेमधली थंडी म्हणून. पण ते लोक थंडीतून थेट त्या उन्हात आले होते, म्हणून ते 31 त्यांना खरंच जड होतं.

दुसरं म्हणजे आकड्यावर जाऊ नकोस. मामाच्या गावी जळगावकडे पारा 44 ला जातो, अंग भाजतं, पण घाम आला की लगेच सुकतो आणि तो सुकतानाच अंग निवतं. इथे समुद्र जवळ, तापी जवळ. 36 दाखवतंय म्हणून खूश व्हावं तर घाम अंगावरून नुसता ओघळतो, सुकत नाही, म्हणजे उष्णता आतच राहते. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हानं चौदा माणसं गेली ना, तेव्हा पारा 38 च्या आसपासच होता, आणि ती माणसं धावत नव्हती, बसली होती. मला त्या दिवसापासून किनाऱ्याकडच्या उन्हाची फार धास्ती बसली आहे. सकाळचं तापमान कमी असतं हे खरं, पण दमटपणा तेव्हाच सर्वांत जास्त असतो. म्हणून पहाटेसुद्धा वेग विसरायचा. बोलता येईल इतकंच धावायचं. तुला तर बोलल्याशिवाय राहवत नाहीच, तेव्हा ते सोपं जाईल.

सासूबाईंना तुझा बेत सांगितला, तर त्यांनी लगेच दोन कांदे बाजूला काढून ठेवले, एक तुझ्या खिशासाठी आणि एक माझ्या. कांद्यानं ऊन अडत नाही हे मी त्यांना सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, 'अडत नसेल तर नसेल, भूक लागली तर खा.' त्यापुढे काय बोलणार? गल्लीतल्या आजी तर मी धावताना दिसले की रोज विचारतात, 'कोठे पयी ऱ्हायनी माय?' कुणी मागे लागलंय का हे बघायला माझ्या पाठीमागे नजरही टाकतात. तू दिसलीस की त्यांना दोघींची काळजी लागेल.

आता मनातलं सांगते. माझी भाची गुजरात पोलिसांच्या लोकरक्षक भरतीची तयारी करतेय. मुलींना 1600 मीटर साडेनऊ मिनिटांत धावायचं, मुलांना 5 किलोमीटर पंचवीस मिनिटांत. 2025 ची धावण्याची परीक्षा जानेवारीत सुरू झाली, म्हणजे सरकार घेतं थंडीत, पण तयारी चालते वर्षभर, भर उन्हाळ्यातही. इथली निम्मी मुलं मिलमध्ये नाहीतर लूमच्या खात्यात कामाला. कापड सुकवणाऱ्या गरम स्टेंटरपाशी बारा तास उभं राहून शिफ्ट सुटली की तशीच मैदानात. त्यांचं अंग धावण्याआधीच तापलेलं असतं गं, आणि झोप अर्धीच झालेली.

एका संध्याकाळी असाच एक पोरगा धावता धावता वाकडा चालायला लागला. भरतीच्या क्लासचे सर लांबून ओरडत होते, 'थांबायचं नाही!' भाची माझ्याकडे पळत आली, 'मावशी, हा भलतंच बोलतोय.' नाव विचारलं तर तो शिफ्टची वेळ सांगत होता. कुणीतरी म्हणालं, अजून घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही. हे ऐकून मला कापरं भरलं, कारण धावताना ऊन लागतं तेव्हा अंग बहुतेक वेळा घामानं भिजलेलंच असतं. बोलणं-वागणं बिघडलं, तोल गेला, की तीच खूण. 108 ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत त्याला भिजवत राहिलो. रसवंतीवाल्यानं गोणपाटातली बर्फाची लादी फोडून दिली, मुलींनी ओढण्या ओल्या करून मानेला, काखेत, मांड्यांवर ठेवल्या, कुणी पुठ्ठ्यानं वारा घातला. तोंडात पाणी घालायला निघालेल्यांना मी आडवी आले, शुद्ध नीट नसेल तर ते श्वासात जातं. पोरगा वाचला. रसवंतीवाल्यानं पैसे तर घेतले नाहीतच, वर 108 च्या ड्रायव्हरला 'आधी रस, मग पेशंट' म्हणून ग्लास पुढे केला, आणि भाचीनं त्याच्यावर असे डोळे वटारले की तो ग्लास त्यानं स्वतःच प्यायला.

आधी भिजवून थंड करायचं, हे मला तुझ्यामुळेच ठाऊक होतं, हे तुला माहीत आहे का? तूच मागे तुमच्याकडच्या फाल्मथच्या ऑगस्टमधल्या शर्यतीबद्दल लिहिलं होतंस. अठरा वर्षांत तिथे धावताना ऊन लागलेल्या 274 जणांना बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवलं आणि एकही दगावला नाही. आधी थंड करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. पहिला अर्धा तास सगळं ठरवतो. आणि आपल्याकडे? जून 2014 मध्ये मुंबई पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना तरुण मुलं गेली, तेव्हा अंतर 3 किलोमीटरवर आणलं. 2024 च्या जूनमध्ये महाराष्ट्राच्या राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत धावताना आपल्या खान्देशातलाच एक मुलगा गेला. आईवडिलांनी जमीन विकून पोराला क्लास लावलेला असतो, म्हणून तो थांबत नाही. मैदानाच्या कडेला एक टब, चार लाद्या बर्फ आणि 'थांब' म्हणणारं एक मोठं माणूस ठेवायला असा किती खर्च येतो? मी आमच्या मैदानात एवढं तरी करून घेणार आहे. क्लासच्या सरांशी बोलले, ते आधी चिडले, आता गप्प असतात आणि पाण्याचा ड्रम भरून ठेवतात.

तुझ्या त्या मोठ्या बाटलीबद्दलही बोलायचंय. तहान नसताना घटाघट पिऊ नकोस. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 जणांचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या 13 टक्के लोकांच्या रक्तात सोडियम हवं त्यापेक्षा खाली गेलं होतं, मुख्यतः जास्त पाणी प्यायल्यानं. तहानेपुरतं पी, घरी आलीस की सासूबाईंचं मीठ-जिरं घातलेलं ताक आहेच. कैरीचं पन्हंही करून ठेवेन. लांब धावलोच तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आणि ती सर्दीची गोळी, जिनं तू विमानात झोपतेस, ती घेतलेल्या दिवशी धावणं बंद. तसल्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी घाम कमी येतो.

तर पहिले तीन दिवस आपण फक्त चालू, पहाटे साडेपाचला, जीआयडीसीच्या मिलांच्या रस्त्यानं नाही, विद्यापीठाच्या झाडांतून. मग वीस मिनिटं हळू. डोकं दुखलं, मळमळलं, अंगावर काटा आला की तिथेच सावलीत, आणि तू 'काही नाही गं' म्हणालीस तर मी ऐकणार नाही. दुसऱ्या आठवड्यात तुला दम असेल तर भाचीबरोबर 1600 मीटर मार. ती तुला हरवेल, आत्ताच सांगून ठेवते.

येताना फिक्या रंगाचे सैल टीशर्ट आण, काळे नकोत. भाचीसाठी एक स्टॉपवॉच, तिचं मैदानात कुणीतरी उचललं. आणि गाडी उधन्याला थांबते का बघून कळव, म्हणजे सुरत स्टेशनच्या गर्दीत तुला शोधायला नको.

तुझीच,
मी