पहिला मुक्काम घराजवळ

मुलांना घेऊन, पाठीवर सामान टाकून डोंगरात मुक्कामाला जायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिलं नाव निघतं ते राजगडाचं, हरिश्चंद्रगडाचं नाहीतर कळसूबाईचं. नाव मोठं असतं, ओळखीतलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं. माझं मत मात्र ठाम आहे : नवशिक्या कुटुंबानं ही ठिकाणं निदान पहिल्या वर्षी बाजूला ठेवावीत. पहिला मुक्काम अशा जागी असावा, की रात्री आठ वाजता धाकट्याला ताप भरला तर नऊपर्यंत आपल्या घरी पोचता यावं. डोंगरात शिकण्यासारख्या गोष्टींत सगळ्यात अवघड आहे ती वेळेवर माघारी फिरणं. चार तासांचा प्रवास, सुट्टी टाकलेली, पाहुण्यांना सांगून झालेलं, अशा वेळी माणूस परत फिरत नाही. तो मुलाला ओढत पुढे नेतो, आणि ते मूल पुन्हा डोंगराचं नाव काढत नाही.

रायगड जिल्ह्यातल्या रोह्याच्या माणसाला यासाठी लांब जावं लागत नाही. कुंडलिका नदी ओलांडली की पाच-सहा किलोमीटरवर अवचितगड आहे. उंची साधारण तीनशे मीटर, मेढ्याहून आणि पिंगळसईहून चढणाऱ्या वाटा, आणि अंगावर दाट झाडी, त्यामुळे ऊन कमी लागतं. मोठ्यांना तास-दीड तास पुरतो, सहा-सात वर्षांच्या मुलाला त्याच्या दुप्पट वेळ द्यावा. वर महादेवाचं देऊळ आहे, बाराकोनी तलाव आहे, एका जागी खोदलेली पाण्याची सात टाकी आहेत. एका बुरुजावर शके 1718 चा, म्हणजे 1796 सालचा लेख आहे. तो देवनागरीत आहे, त्यामुळे वाचायला शिकलेल्या मुलाला दगडावर बोट फिरवत त्यातली अक्षरं जुळवता येतात. आणि काठावर उभं राहिलं की कुंडलिकेचं खोरं आणि त्यात आपलं गाव दिसतं. मुंबई-ठाण्याच्या कुटुंबाला इथून तासाभरात घर गाठता येणार नाही, तरी हे परवडतं, कारण दिव्याहून गाडी थेट रोह्याला येते. अवचितगड नको असेल तर घोसाळगड आहे, पायथ्यालाच गाव असलेला आणि चढायला छोटा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की इतक्या जवळ जाऊन मुक्काम कशाला करायचा, सकाळी निघून संध्याकाळी परत यावं. याचं उत्तर पाण्याच्या हिशेबात आहे. चौघांचं कुटुंब, शनिवार दुपार ते रविवार दुपार, माणशी तीन लिटर धरले तर बारा लिटर होतात. हात-तोंड धुणं आणि भांडी धरली तर पंधराच्या पुढे. म्हणजे पंधरा किलो निव्वळ पाणी, कपडे आणि अंथरूण वेगळंच. वीस किलो वजनाच्या मुलानं पाठीवर दोन किलोंच्या वर घेऊ नये : त्याची पाण्याची बाटली, स्वेटर, बॅटरी आणि खाऊचा डबा, एवढ्यात पिशवी भरते. उरलेलं आईबापांच्या खांद्यावर. हे ओझं वाहायला, काय न्यायचं आणि काय ठेवायचं ते ठरवायला मुक्कामच शिकवतो. दिवसाची सहल ते शिकवत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की पहिल्या वेळी रोह्याहून पायथ्याच्या गावापर्यंत सामान पाठीवर घेऊन चालत जावं, गावात विचारून देवळात किंवा एखाद्याच्या अंगणात पथारी टाकावी, आणि गड सकाळी मोकळ्या पाठीनं चढावा. वर राहणं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, वनखात्याला विचारून. तेव्हाही टाक्यांतलं पाणी शुद्ध करूनच प्यावं, आणि मार्चनंतर त्याच्या भरवशावर राहू नये.

ओझ्याबद्दल वारीकडे पाहावं. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या घरात आहे आणि सत्तरीच्या आजीबाई ते चालतात. त्यांच्या दिंडीचा तंबू, अंथरूण, शिधा मालट्रकमधून पुढे गेलेला असतो. पाठीवर फारसं काही नसतं. आपल्याकडे ट्रक नाही, तेव्हा सामानच कमी करायचं. कोकणातल्या डिसेंबरात पिसांच्या स्लीपिंग बॅगची गरज नाही. सतरंजी, गोधडी आणि वरून दंव अडवायला प्लॅस्टिकचं कापड, बस. चूल तर नेऊच नये. गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी वणव्याला पुरते. शिवाय चूल नेली की घरातलं स्वयंपाकघरच डोंगरात जातं आणि ते सांभाळायला बहुतेक वेळा आईच बसते. दशम्या, चटणी, शेंगदाण्याचे लाडू, केळी यांवर दीड दिवस छान निघतो. ज्या सहलीत घरातल्या एकाला नेहमीचंच काम पडतं ती कुटुंबाची सहल नव्हे.

साप-विंचवाचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो उडवून लावू नये. कोकणात फुरसं आहे, मण्यार आहे, लाल विंचू आहे. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्यांनाच जास्त डसते, म्हणून चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी किंवा तळ शिवलेला तंबू हवाच. बूट सकाळी झटकूनच घालायचे. याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून असंख्य रुग्ण वाचवले, आणि दंश झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा वेळ किती मोलाचा असतो हे त्यांच्या कामातून सगळ्यांना कळलं. मेढ्याहून रोह्याचं उपजिल्हा रुग्णालय गाडीनं काही मिनिटांवर आहे. दूरच्या गडाच्या माचीवरून तेवढ्या वेळात धड पायथाही गाठता येत नाही. साप-विंचवाची भीती खरी आहे, आणि जवळच्या जागेच्या बाजूनं याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

पावसाळ्याबद्दल मात्र वाद घालायला मी तयार नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री याच रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या अंगावरची वाडी दरड कोसळून झोपेत गाडली गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांना डोंगराचा अंदाज आला नाही, तो शनिवारी आलेल्या पाहुण्यांना कुठून येणार? जून ते सप्टेंबर डोंगरउतारावर किंवा त्याच्या पायथ्याशी रात्र काढू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच आपले महिने.

तेव्हा यंदाच्या दिवाळीनंतरचा एखादा शनिवार मोकळा ठेवा. गावात आधी जाऊन विचारून या, नेलेला कचरा परत आणा. आणि वर गेलात की टाक्यांत हातपाय धुऊ नका, मुलांनाही धुऊ देऊ नका. तुमच्यानंतर येणाऱ्याला तेच पाणी प्यायचं आहे.