माजघराची फरशी

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात जमिनीवरून वाद सुरू होतो. जमीन म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे सात-बाराचा उतारा, बांध आणि भाऊबंदकी उभी राहील. पण आमच्या अण्णांनी आम्हां भावंडांना भांडण्यापुरतीही शेती मागे ठेवली नाही. हा वाद घरातल्या जमिनीचा, म्हणजे फरशीचा. सुनेला ती काळवंडलेली वाटते, मुलाला जुनाट वाटते, आणि पत्नीला दोघांचेही पटते. राहता राहिलो मी. मला ती कशी वाटते हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेले नाही.

फरशी शहाबादी आहे. सोलापुरातले आमचे हे घर १९५८ साली बांधून झाले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्याआधी आम्ही एका वाड्यात भाड्याने राहत होतो. तिथली जमीन मातीची. चोपण्याने चोपलेली आणि दर आठ-दहा दिवसांनी शेणाने सारवलेली. सारवलेल्या जमिनीच्या वासावर लोक आता फार हळवे होऊन बोलतात. आई कधी बोलली नाही. पन्नास हात जमीन सारवून झाल्यावर जेवायला बसताना हाताचा वास जात नाही, एवढेच ती सांगे. नव्या घरात पाऊल टाकले त्या दिवशी तिने आधी देव मांडले नाहीत, चूल पेटवली नाही. कळशीभर पाणी माजघरात ओतले आणि ते कुठे जाते ते बघत उभी राहिली. पाणी कुठेही न थबकता मोरीकडे गेले. "झालं बाई," असे म्हणून ती खाली बसली आणि दोन्ही तळहात ओल्या फरशीवर टेकवून तशीच थोडा वेळ बसून राहिली.

अण्णा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, त्यामुळे दगड कुठून कुठे जातो हे त्यांना तोंडपाठ. सोलापूरहून मद्रासच्या रोखाने निघाले, की गुलबर्गा ओलांडल्यावर आणि वाडी जंक्शनच्या अलीकडे शहाबाद लागते. १८७१ साली हा लोहमार्ग रायचूरला जाऊन मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाला, आणि खाणीच्या तोंडाशी आगगाडी उभी राहू लागल्यावर त्या गावाचे नाव दगडाला चिकटून थेट मुंबई-पुण्यापर्यंत पोचले. राज्ये मात्र बदलत राहिली. १९४८ पर्यंत शहाबाद निजामाच्या मुलखात होते. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेले, त्या राज्याचे १९७३ साली कर्नाटक झाले, आणि २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. दगड आपला शहाबादीच राहिला.

मी दहा वर्षांचा असताना अण्णांनी मला एकदा तिथली खाण दाखवली. खाण म्हणजे अंधारे भुयार असणार अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात ती एखाद्या कोरड्या तळ्यासारखी उघडी निघाली. वरची काळी माती बाजूला केलेली आणि तिच्याखाली थरावर थर, अगदी चिरोट्याला सुटलेल्या पदरांसारखे. कामकरी दोन थरांच्या फटीत छिन्नी बसवीत, पहारेने हलकेच उचलीत, आणि दाराच्या फळीएवढा दगड सपाट, अख्खा सुटून येई. आमच्याकडचा काळा पाषाण असा सुटत नाही. त्याला घडवावे लागते. कारण काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळून थिजलेला लाव्हा, तर शहाबादी म्हणजे त्याच्याही कितीतरी आधी एका उथळ समुद्राच्या तळाशी सावकाश बसलेला चुन्याचा गाळ. एक थर बसला, थोडा निवांत गेला, मग दुसरा बसला. त्या निवांतपणाच्या फटीतच पहार शिरते. हे सगळे मला पुढे पुस्तकांतून कळले. त्या दिवशी लक्षात राहिले ते एवढेच, की नुकत्या उचललेल्या दगडाची खालची बाजू गार होती आणि तिथे हात लावणारा पहिला माणूस मी होतो.

या दगडाची भावंडे पुष्कळ. तांडूरचा पिवळसर आणि निळसर, कडप्प्याचा काळा, राजस्थानात कोट्याकडचा हिरवट. सगळे चुनखडीचेच. आणखी एक लांबचा नातेवाईक सांगतो. शिळाप्रेसवरची शिळाही चुनखडीचीच असे. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा दगड त्यासाठी नावाजलेला. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या, त्या अशाच शिळांवरून उतरल्या. आमच्या माजघरात भिंतीवर अशी एक लक्ष्मी आहे आणि तिच्या पायांखाली शहाबादी. एका गोत्राचीच म्हणायची दोघी!

फरशी बसवणारा गवंडी थापीच्या मुठीने प्रत्येक दगड वाजवून बघे. आवाज भरीव आला तर पुढे जाई. पोकळ आला तर दगड उचलून खालचा चुना पुन्हा सारखा करी. अण्णा चिडत. दर ब्रासवर ठरलेला, पण जेवणे आमच्या घरी आणि दिवस लांबत चाललेले. आज सदुसष्ट वर्षे उलटून गेली, त्या फरशीतली एकही पोकळ वाजत नाही. अण्णांच्या वतीने मी त्या गवंड्याची इथे क्षमा मागतो.

मग फरशी आईच्या ताब्यात गेली. तिचे कायदे कडक होते. सकाळी आधी केरसुणी, मगच ओले फडके; कारण चपलांबरोबर आलेली वाळू फडक्याखाली फिरली तर दगडावर ओरखडे उठतात. फडके अण्णांच्या जुन्या धोतराचे, पाणी साधे. फार झाले तर सणाला चिमूटभर साबण, आणि तो पुन्हा दोन पाण्यांनी काढायचा. तेल सांडले तर चोळायचे नाही. वर खडूची भुकटी दाबून रात्रभर ठेवायची, सकाळी भुकटी तेल पिऊन पिवळी झालेली असे. आंबटाला तर माजघरात बंदीच होती. चिंच, लिंबू, ताक, कोकम, यांतले काही सांडले तर हातातला घास ठेवून उठायचे. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासायची ती मोरीतच, आणि मोरीतल्या फरशीचे काय झाले आहे ते बघा म्हणजे कळेल, असे ती आम्हांला बजावी. ती फरशी खरोखर खरवडलेल्या नारळासारखी झाली होती. एका दिवाळीत माझ्या बहिणीने फराळाच्या ताटातली लिंबाची फोड खाली ठेवली आणि विसरली. तिचा चंद्रकोरीसारखा पांढरा डाग देव्हाऱ्यासमोर उमटला, तो उमटलाच. पुढे बहीण माहेरपणाला आली की आई कौतुकाने जावयाला तो डाग दाखवी. कायदा मोडणाराची अशी बडदास्त मी दुसरीकडे पाहिली नाही.

१९८८ च्या सुमारास आईला काचबिंदू झाल्याचे निघाले. उशिरा निघाले. डोळ्यांत थेंब घालीत पाच वर्षे गेली आणि १९९३ साली उरलासुरला उजेडही गेला. आम्ही घाबरून गेलो, ती नाही. काठी तिने घेतली नाही. अनवाणी चाले. देव्हाऱ्यापासून मोरीपर्यंत अकरा फरश्या; तिसरीवर बारीक लाटांसारखी वळणे, तिथून उजवीकडे स्वयंपाकघर; सहावीचा कोपरा अर्धा टवका उडालेला, तिथे पाळण्याची कडी होती; चंद्रकोर लागली की देव समोर. आम्ही घर डोळ्यांनी पाहत होतो आणि तिला ते पायांनी पाठ होते. ती पाणी पिण्यासाठी रात्री उठे तेव्हा दिवा लागत नसे, आणि भांड्याला भांडे लागल्याचा आवाजही होत नसे.

आता सांगायचे ते सांगतो. १९९६ ची दिवाळी. मुलीला पाहायला पाडव्याच्या सुमारास मंडळी येणार होती. माजघराच्या फरशीवर पस्तीस-चाळीस वर्षांचे काळपट थर चढलेले मला फार खुपू लागले. सायकलवरून फिनाईल विकणारा एक जण दारावरून जाई. त्याच्याकडे अ‍ॅसिडची बाटली मिळे. "साहेब, नवी फरशी निघेल आतून," तो म्हणाला. आई तेव्हा बहिणीकडे दोन दिवस गेली होती. मी हाफपँट घालून, नाकाला रुमाल बांधून पाण्यात मिसळलेले अ‍ॅसिड माजघरभर ओतले. फरशी सळसळली, पांढरा फेस उसळला. मळ निघतो आहे, या आनंदात मी खराट्याने घासत सुटलो.

वाळल्यावर माजघर राखाडी-पांढरे दिसू लागले. उजळले खरे, पण तुकतुकी गेली होती. हात फिरवला तर पॉलिश कागदावरून फिरवल्यासारखे लागे. शेजारी रसायनशास्त्राचे एक निवृत्त मास्तर राहत. त्यांना मी कौतुकाने बोलावले. ते उंबऱ्यातच थांबले. "चुनखडीवर अ‍ॅसिड?" ते म्हणाले, "अहो, तो फेस मळाचा नव्हता. फरशीच वायू होऊन उडून जात होती."

दुसऱ्या दिवशी आई आली. ओट्यावर चपला काढल्या, ओसरीतून नेहमीसारखी भरभर आली आणि माजघरात पहिले पाऊल टाकताच थबकली. पाऊल मागे घेतले. पुन्हा टाकले. मग तिने हात पुढे केला, आंधळ्या माणसाने करावा तसा. तिला तसा हात पुढे करताना मी कधी पाहिले नव्हते.

"कुणाच्या घरी आणलंत मला?" तिने विचारले.

मी सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. "बरं, बरं," म्हणाली आणि माझा खांदा धरून देव्हाऱ्याकडे आली. चंद्रकोर पायाने शोधत राहिली. सगळीच फरशी चंद्रकोरीसारखी झाली होती, तिला ती सापडणार कुठून?

पॉलिशवाला आणला. तो जाणता होता. मशीन फिरवून, जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत पाण्यात घासत जाऊन चकाकी आणता येईल, म्हणाला; पण मशीन सगळे एका पातळीत आणणार. तिसरीवरच्या लाटा जाणार, टवका भरून घ्यावा लागणार. मी आईला विचारले. "नको," ती म्हणाली. "आहे त्याच्यावर चालेन. चालून होईल."

त्या पाडव्यापासून ती रोज तिन्हीसांजेला फेऱ्या घालू लागली. देव्हारा ते मोरी, मोरी ते देव्हारा. सुरुवातीला माझ्या खांद्यावर हात ठेवून, महिन्याभराने एकटी. मुलीचे लग्न झाले, नातवंडे झाली, फेऱ्या चुकल्या नाहीत. मी कचेरीतून आलो की ओसरीत बसून तिच्या पावलांचा आवाज ऐकत असे. आधी तो कोरडा, खरखरीत येई. तो कधी बदलला ते मला सांगता येत नाही. २००४ साली ती गेली तेव्हा माजघरात देव्हाऱ्यापासून मोरीपर्यंत हातभर रुंदीची एक पट्टी काळपट, गुळगुळीत झालेली होती. दोन्ही बाजूंना फरशी अजून खरखरीत आहे. दिवसा लक्षात येत नाही; सकाळी दारातून तिरपे ऊन आले म्हणजे दिसते.

पुढच्या वर्षी बहिणीला घेऊन मी सन्नतीला गेलो. चंद्रलांबा आमची कुलदेवी, आणि देऊळ भीमेच्या काठी, शहाबादच्याच मुलखात. जवळच कनगनहळ्ळीला १९९० च्या दशकात उत्खनन होऊन मोठा स्तूप निघाला आहे. त्यातल्या कोरीव शिळा तिथल्याच चुनखडीच्या. एका शिळेवर राण्यांसह सम्राट अशोक आहे आणि ब्राह्मी लिपीत त्याचे नावही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्रांच्या चुण्या अजून मोजता येतात. बहीण बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "याच्यावर कुणी लिंबू ठेवलं नाही म्हणून." आम्ही दोघेही हसलो आणि मग तिला रडू आले.

यंदा मात्र वाद निकरावर आला. स्वयंपाकघरात टाइल्स हव्यातच, असे सुनेने ठरवले. तिचे म्हणणे रास्त आहे. टोमॅटो, लिंबू, दही यांच्या राज्यात शहाबादी टिकत नाही, आणि तिला आईसारखी दिवसभर फरशीवर पहारा करायला सवड नाही. मी होकार दिला. मागच्या आठवड्यात कारागिरांनी पहारेने स्वयंपाकघरातल्या फरश्या उचलल्या. एकही तुटली नाही. त्यांतल्या ओट्याखालच्या फरश्या इतक्या सुरेख निघाल्या, की सुनेच्या डोक्यात नवीन कल्पना आली.

"बाबा, माजघरातल्या त्या खराब झालेल्या फरश्या काढून या बसवू या का? तुमचीच शहाबादी. दिवाळीच्या आत होईल."

तिने अगदी माझ्या बाजूने विचार केला होता. मी नाही म्हणालो. कारण विचारल्यावर उत्तर देता येईना, म्हणून तिला दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माजघरात बोलावले. ऊन आलेले होते. ती दारात उभी राहून बघत राहिली. मग वाकून तिने घरातल्या सपाता काढल्या, भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि देव्हाऱ्याकडून मोरीकडे निघाली.