काटा बाहेरून येतो

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मित्रांनी विषय वाटून घेतले. कुणी पावसावर लिहिणार, कुणी आईवर, कुणी अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत गेलेल्या सहलीवर. माझ्या डोळ्यांसमोर मात्र एक जुनी ट्यूब येत राहिली. मोटारसायकलच्या मागच्या चाकातली, काळी, एका जागी चिरलेली. हा काही वाङ्मयाचा विषय नव्हे, हे मला कळते. पण ती ट्यूब एकदा कागदावर उतरल्याशिवाय मला दुसरे काही लिहिता येणार नाही असे वाटले. म्हणून हे धाडस.

दहावीची परीक्षा संपली त्या सुट्टीपासून मी केजमधल्या एका मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. कॉलेज असेल तेव्हा संध्याकाळी, सुट्टीत दिवसभर. दुकान म्हणजे पुढे पत्र्याचे छप्पर, हवेचा कॉम्प्रेसर, पाण्याचे घमेले आणि जुन्या टायरांची एक उतरंड. दुकानाचे मालक साऱ्या गावाचे चाचा आहेत, तसे माझेही. त्यांच्याकडे येणाऱ्या पोराला इंजिनाला हात लावू देण्याआधी वर्षभर टायरवर बसवतात. मला त्याचा राग यायचा. पंक्चर काढणे हे हलके काम, असे मी समजत होतो. एकदा तसे बोलूनही दाखवले. चाचा म्हणाले, "इंजिन चुकलं तर आवाज करतं, बेटा. टायर झाकून घेतं. म्हणून आधी टायर."

टायर बसवण्यात चुकण्यासारखे काय असते, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटायचे. पहिल्या दोन महिन्यांत मी जवळजवळ सगळ्या चुका करून घेतल्या. ट्यूबला पॅच लावला, पण टायरच्या आतून हात फिरवला नाही. बाभळीच्या काट्याचे टोक तिथेच राहिले आणि गिऱ्हाईक अर्ध्या तासात गाडी ढकलीत परत आले. टायरच्या अंगावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. तो उलटा बसवला आणि सगळे चाक पुन्हा खोलावे लागले. रिमच्या खाचेतली रबरी पट्टी घालायची विसरलो; तारांची टोके ट्यूबला टोचली. व्हॉल्व्ह तिरपा राहिला असताना त्याचा नट आवळून टाकला. ब्रेक मारला की ट्यूब आत जराशी सरकते, त्यामुळे व्हॉल्व्ह बुडातून फाटला. रिमजवळ टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडून सारखी दिसली पाहिजे. मी पाहिली नाही आणि गाडी उड्या मारीत गेली. एकदा तर मागचे चाक बसवताना ब्रेकच्या ड्रमची ताटली धरून ठेवणारी पट्टी जोडायचीच राहिली. ती नसेल तर ब्रेक दाबल्याबरोबर ताटलीच फिरते आणि चाक अडकू शकते. गाडी रस्त्यावर जाण्याआधी चाचांच्या नजरेला पडले. ते रागावले नाहीत. पट्टी जोडून खाली बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला त्या न बोलण्याची जास्त भीती वाटली.

चाचांनी मला ट्यूब वाचायला शिकवले. होय, वाचायला! भोक कुठे आहे आणि कसे आहे, यावरून सगळी हकिगत कळते. रस्त्याकडच्या बाजूला बारीक गोल भोक असेल तर खिळा किंवा काटा. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटले, तर ट्यूब रिम आणि टायर यांच्यामध्ये चेमटून दोन चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. रिमकडच्या बाजूला बारीक टोचणी असेल तर ती तार. आणि रिमकडेच नखाच्या आकाराची चीर असेल, तर ती बसवणाऱ्याच्या लोखंडी पट्टीची. "काटा बाहेरून येतो," चाचा म्हणायचे, "आतून आली ती आपली चूक."

प्रथम वर्षात असताना ग्रंथालयात मी याविषयी शोधून वाचले. बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर जॉन डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेला टायर तयार केला आणि 1888 साली त्याचे पेटंट घेतले. त्याच्याही आधी, 1845 साली, रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाला ही कल्पना सुचली होती. सुरुवातीचे हे टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर काढायचे तर तासन्‌तास जात. 1891 साली फ्रान्समधल्या मिशलिन बंधूंनी सायकलसाठी काढता-घालता येणारा टायर आणला आणि काम सोपे झाले. वाचताना माझ्या मनात आले की, ज्या दिवशी टायर काढता येऊ लागला, त्याच दिवशी त्याच्या आत माणसाचा हात गेला, आणि हाताबरोबर हाताची चूकही.

माझी चूक त्याच्या आधीची. मी बारावीत होतो. दसरा होऊन गेला होता. आपल्या जिल्ह्यात तो ऊसतोडीला निघण्याचा हंगाम. मुकादमाकडून उचल घेतलेली माणसे बिऱ्हाड बांधून कारखान्यांकडे निघतात आणि जाण्याआधी जो तो आपली गाडी ठाकठीक करून घेतो. त्या संध्याकाळी दुकानापुढे सात-आठ गाड्या उभ्या होत्या. चाचा मगरीबच्या नमाजाला गेले होते. दुकानात मी एकटा.

एक जोडपे आले. जुनी स्प्लेंडर, पुढे टाकीवर गाठोडे, बाईच्या कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. मामांनी उचलीच्या पैशातून मागच्या चाकासाठी नवा टायर आणला होता. मागचा जुना पार गुळगुळीत झालेला. "लेकरा, लवकर कर. तेलगावातून पहाटं टोळीचा ट्रॅक्टर निघतूय," ते म्हणाले.

नवा टायर ताठ असतो. तो बसवायचा एक रिवाज आहे. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरायची, म्हणजे ती गोल राहते आणि पट्टीखाली येत नाही. कडेला साबणाचे पाणी लावायचे. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करायची, तिथली कड रिमच्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. असे केले तर शेवटचा वीतभर भाग जवळजवळ हातानेच बसतो. मला हे सगळे तोंडपाठ होते. पण आठ गाड्या उभ्या होत्या. मी हवा भरली नाही, साबण लावला नाही, समोरची कड दाबली नाही. शेवटचा भाग अडला तेव्हा पट्टी खोल घातली आणि अंगाचा भार टाकला. टायर बसला. त्याच क्षणी पट्टीखाली काहीतरी मऊ सरकल्याचे माझ्या हाताला कळले.

मी थबकलो. काढून पाहावे का? पंधरा मिनिटे गेली असती. मी हवा भरली, व्हॉल्व्हवर थुंकी लावून पाहिली. बुडबुडा आला नाही. चाक दाबून पाहिले. घट्ट होते. चीर पुरती आरपार गेलेली नसते तेव्हा असेच होते. दुकानात हवा धरते, ओझे आणि उष्णता लागली की उसवते. हेही मला ठाऊक होते.

"झालं ना बरूबर?" मामांनी विचारले.

"झालं मामा. बिनघोर जा," मी म्हणालो.

चाचा परत आल्यावर त्यांना मी काही सांगितले नाही. एक-दोन दिवस मनाला टोचणी लागली. मग दिवाळी आली, सराव परीक्षा आली. ते लोक सांगलीकडच्या फडात ऊस तोडत असतील, टायर नीट चालला असेल, असे मी मनाशी ठरवून टाकले. आपली चूक पाच महिने दिसली नाही की ती झालीच नव्हती, असे वाटू लागते.

गुढीपाडवा झाल्यावर तेच जोडपे पुन्हा दुकानात आले. मागचे ब्रेक-शू बदलायचे होते. मागच्या कॅरिअरवर गाठोडे होते, ते जुन्या ट्यूबने आवळून बांधलेले. ते सोडता सोडता मामा हसत हसत हकिगत सांगू लागले. धारूरचा घाट उतरताना एका वळणावर मागचे चाक अचानक लडबडले. गाडी कशीबशी डोंगराच्या अंगाला आडवी झाली. बाईचे कोपर सोलून निघाले, लेकरू पदरात होते म्हणून त्याला काही झाले नाही. सगळा घाट अंधारात गाडी ढकलीत उतरले. तेलगावात पोचले तेव्हा ट्रॅक्टर निघून गेला होता. नवी ट्यूब टाकून दोन दिवस गाडीवरच फडापर्यंत गेले. मुकादमाने दोन दिवसांचा खाडा लावला, म्हणजे तेवढे पैसे हिशेबातून कापले.

"बाभळीचा काटा लागला असंल," मामा म्हणाले. "नशीब आपलं. तू तर बेस बसवून दिला व्हता."

चाचा ट्यूब हातात घेऊन गुंडाळत होते. सवयीने त्यांचा अंगठा तिच्यावरून फिरत होता. तो एका जागी थांबला. त्यांनी ट्यूब उलटवून पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. ती ट्यूब माझ्या पुढ्यात ठेवून ते पाना शोधायला आत गेले. पाना बाहेरच पडलेला होता.

चीर रिमकडच्या बाजूला होती. नखाच्या आकाराची.

मी गप्प राहिलो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. मामांनी काट्याला दोष दिलाच होता. घरात कॉलेजपर्यंत पोचणारा मीच पहिला, आणि त्या दिवसांत हुशार पोरगा म्हणून गावात जरा नाव होऊ लागले होते. तेही जाईल असे वाटले. जीभ टाळूला चिकटली होती. कसेबसे म्हणालो, "मामा, तो काटा नव्हता. माझ्याच पट्टीनं ट्यूब चिरली."

त्यांचे हसू थांबले. "तुला तव्हाच कळलं व्हतं?"

"शंका आली होती."

ते बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग म्हणायचं व्हतंस. घडीभर थांबलो असतो. लेकरू व्हतं रं गाडीवर."

मामी तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मी ह्यांना वाटंनं म्हणलं व्हतं, पोरगं मधीच थबकलं म्हणून. ह्यांनी ऐकलं न्हाई."

मला वाटत होते, टायरच्या आतले फक्त मला माहीत आहे. ते खोटे होते. मामींनी माझा चेहरा पाहिला होता.

चाचांनी खाड्याचे पैसे देऊ केले. मामांनी घेतले नाहीत. ब्रेक-शूचे पैसे चाचांनी घेतले नाहीत, आणि माझ्या सांगण्यावरून ते माझ्या मजुरीतून वळते केले. एवढ्याने हिशेब मिटला असे मी म्हणणार नाही. घाटातल्या अंधाराची किंमत कशी लावायची, हे मला आजही कळत नाही.

चूक कुणाच्याही हातून होते. चाचांच्याही झाल्या आहेत, ते स्वतःच सांगतात. ट्यूब चिरली ती माझी लहान चूक. "बिनघोर जा" म्हणालो ती मोठी. पहिली पंधरा मिनिटांत दुरुस्त झाली असती. दुसरी दुरुस्त करायला पाच महिने लागले, तेही ट्यूब फिरून माझ्या पुढ्यात आली म्हणून. अशा किती चुका रस्त्यावरून निघून जात असतील आणि त्यांचा दोष बाभळीला लागत असेल! हे केवळ टायरपुरते नाही. उत्तरपत्रिका तपासणारे, विहिरीचे माप घेणारे, औषधाची पुडी बांधणारे, सगळ्यांच्याच कामात कुठेतरी रिमकडची बाजू असते. उद्या आपल्यातले कित्येक जण अशा कामांवर बसणार आहेत.

गेल्या दसऱ्यानंतर मामा पुन्हा आले. पुढचा टायर बदलायचा होता. दुकानात चाचा होते, तरी काम मीच घेतले. मामा बाजेवर बसले नाहीत. माझ्या डोक्याशी उभे राहून बघत राहिले. पूर्वीसारखा विश्वास त्यांच्या नजरेत नव्हता, आणि तो मी मागूही नये. मी ट्यूबमध्ये हवा भरली, साबण लावला. टायर बंद करण्याआधी त्यांना म्हणालो, "मामा, आतून एकदा तुमचाही हात फिरवा."

त्यांनी खाली बसून हात फिरवला. मगच मी शेवटची कड बसवली. तिला पट्टी लागली नाही.